पाठ केलेली उत्तरं आणि पहिली मुलाखत

अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष सुरू झालं की मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सल्ला फिरू लागतो. अमुक शीट पूर्ण करा, लीटकोडवर पाचशे प्रश्न सोडवा, ‘टॉप हंड्रेड’ प्रश्नोत्तरांची पीडीएफ तोंडपाठ करा, रेझ्युमेवर सात-आठ सर्टिफिकेटं चढवा आणि इंग्रजी फाडफाड बोलायला शिका. मग पहिली टेक्निकल इंटर्नशिप तुमचीच. सीनियर हेच सांगतात, क्लासवाले हेच विकतात आणि बऱ्याच कॉलेजांतले प्लेसमेंट सेलही यात फारशी भर घालत नाहीत. हा सल्ला मुळातच चुकलेला आहे असं माझं ठाम मत आहे. लातूर-नांदेडहून, सांगली-जळगावहून पुण्यात शिकायला आलेली, डोकं उत्तम असलेली मुलं यापायी आपली मेहनत भलत्या जागी ओततात आणि मुलाखतीतून बाहेर पडताना स्वतःलाच कमी लेखतात. म्हणून याचं खंडन करायला हवं.

आधी पूर्वपक्षाची बाजू नीट मांडू, कारण ती पोकळ नाही. एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो, प्रत्येकाशी बोलायला कंपनीकडे माणसं नसतात, म्हणून पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षेची लागते. हॅकररँकसारख्या मंचावर ठरावीक वेळात दोन-तीन प्रश्न सोडवायचे, आणि तुमचा कोड न दिसणाऱ्या टेस्ट केसवर चालला तरच पुढे. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ 2008 मध्ये आलं, तेव्हापासून अशा मुलाखतींची तयारी हा स्वतंत्र अभ्यासच झाला. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, स्टॅक, ट्री यांवरचे प्रश्न फिरून फिरून येतात हे खरं आहे. सराव नसलेला मुलगा चाळणीतच गळतो हेही खरं आहे. इथपर्यंत माझा वाद नाही.

वाद सुरू होतो तो सराव आणि साठा यांत गल्लत होते तिथे. पाचशेचा आकडा गाठायचा म्हटलं की प्रत्येक प्रश्नापाशी थांबायला वेळ उरत नाही. दहा मिनिटं डोकं खाजवायचं, जमलं नाही की यूट्यूबवर उत्तर बघायचं, ‘अच्छा, असं आहे होय’ म्हणायचं, टाइप करायचं, हिरवी खूण मिळवायची आणि पुढे जायचं. उत्तर बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. हे समजणं किती टिकतं याची कल्पना 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगातून येते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना कितीतरी जास्त आठवत होतं. पाचशे उत्तरं बघितलेला मुलगा त्या पहिल्या गटात असतो, आणि मुलाखत काही पाच मिनिटांनी नसते.

एक साधं उदाहरण जवळून पाहू. बायनरी सर्च प्रत्येकाला येतं. क्रमाने लावलेल्या यादीच्या मधोमध बघायचं, हवी ती संख्या लहान असेल तर डावा अर्धा भाग, मोठी असेल तर उजवा. जॉन बेंटली यांनी अनुभवी प्रोग्रॅमरांना एवढंच लिहायला दिलं आणि भरपूर वेळही दिला, तरी ते बिनचूक लिहिणारे जेमतेम दहा टक्के निघाले, असं त्यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये नोंदवलं आहे. पुढची हकिगत जोशुआ ब्लॉक यांची. जावाच्या अधिकृत लायब्ररीतलं बायनरी सर्च त्यांनी लिहिलं होतं. त्यात मधला क्रमांक काढताना सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून दोनने भागलं होतं. वर्गात शिकवतात तसंच. पण जावाच्या ‘इंट’मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647 आहे. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ही बेरीज त्या मर्यादेबाहेर जाऊ शकते, उत्तर ऋण होतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. नऊएक वर्षं ही चूक कुणाच्या लक्षात आली नाही. 2006 मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच त्याबद्दल लिहिलं. बेंटलींच्या पुस्तकातल्या कोडमध्येही नेमकी हीच चूक होती.

आज कुठल्याही शीटमध्ये दुरुस्त सूत्र मिळतं: सुरुवातीत, शेवट आणि सुरुवात यांच्यातल्या फरकाचा निम्मा मिळवा. मुलं हे सूत्र अचूक लिहितात. ‘असं का लिहिलंस?’ विचारलं की ‘असंच लिहायचं असतं’ हे उत्तर मी वारंवार ऐकलं आहे. आता यादीत एकच संख्या अनेकदा येते, तिची पहिली जागा शोध, एवढाच बदल सुचवला की हात थांबतो. कारण लूप कुठल्या क्षणी थांबतो आणि थांबताना काय खरं असतं, हे त्या मुलाने कधी स्वतःला विचारलेलंच नसतं. मुलाखत घेणारा अट बदलतो ती छळायला बदलत नाही. कामावर अटी रोज बदलतात, आणि बदललेली अट घेऊन तुम्ही काय करता हेच त्याला पाहायचं असतं. पाठ केलेलं उत्तर नेमकं याच जागी निकामी ठरतं.

या पाठांतराच्या सल्ल्याच्या अगदी उलट बोलणारा दुसरा पक्षही आहे, आणि तोही तितकाच घातक आहे. हे लोक मॅक्स हॉवेल यांचा दाखला देतात. मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी वापरलं जाणारं होमब्रू त्यांनी तयार केलं. 2015 मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की, गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मला नाकारलं. यावरून निष्कर्ष काढला जातो की डेटा स्ट्रक्चर वगैरे सगळं थोतांड आहे, प्रोजेक्ट असला की पुरे. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये कोड्यासारखे प्रश्न हा वेळेचा अपव्यय असल्याचं म्हटलं होतं, तेही यांच्या पथ्यावर पडतं. पण बॉक बोलत होते ते विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील असल्या प्रश्नांबद्दल, हॅशमॅपबद्दल नव्हे. आणि हॉवेल यांच्यामागे हजारो लोक रोज वापरतात असं काम उभं होतं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यामागे ते नसतं. त्याचा प्रोजेक्ट बहुधा चौघांचा असतो, एकाने केलेला असतो, आणि पुष्कळदा गिटहबवरून उचलून नाव बदललेला असतो. दहा हजार नोंदींत एक शोधायला लूप फिरवायचा की हॅशमॅप वापरायचा, हे ज्याला ठरवता येत नाही त्याचा प्रोजेक्टही वर्गाबाहेर चालत नाही. मूलभूत गोष्टींना पर्याय नाही.

मग तयारी कशाला म्हणायचं? माझं म्हणणं असं की, स्वतःच्या हाताने केलेल्या एका कामाचा तळापर्यंत हिशेब देता येणं, ही पहिल्या इंटर्नशिपसाठीची खरी तयारी आहे. एकाच. भले ते काम लहान असो.

समजा, एखादीने एसटी बसच्या आरक्षणाचा प्रोजेक्ट केला आहे. विषय जुनाच, प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतंच. मुलाखतीत प्रश्न येतो: एकाच आसनासाठी दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर? तिच्या कोडमध्ये आधी आसन रिकामं आहे का ते पाहिलं जातं, मग नोंद घातली जाते. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसऱ्याचीही तपासणी होते, त्यालाही आसन रिकामंच दिसतं, आणि एकाच खिडकीशेजारी दोन माणसं तिकीट घेऊन उभी राहतात. उपाय अवघड नाही. फेरी आणि आसन या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट लावायचा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल, आणि ती नकाराची चूक पकडून प्रवाशाला ‘आसन गेलं’ असं सांगायचं. पण इथे ती थांबली नाही तर पुढचा प्रश्न तिचा तिलाच दिसतो. रद्द झालेलं तिकीट आपण नोंद न पुसता ‘रद्द’ असं लिहून ठेवतो. मग तीच जुनी नोंद आता ते आसन दुसऱ्याला विकू देणार नाही! पोस्टग्रेस असेल तर फक्त चालू तिकिटांपुरता युनिक इंडेक्स करता येतो. मायएसक्यूएलमध्ये तशी थेट सोय नाही, तिथे रद्द नोंदी वेगळ्या टेबलात हलवणं सोपं पडतं. आणि पैसे कापले गेले पण आसन मिळालं नाही, अशा प्रवाशाचं काय? म्हणजे पैसे घेण्याआधी काही मिनिटांसाठी आसन राखून ठेवायला हवं, आणि ती मुदत संपली की ते मोकळं करायला हवं.

पाहा, एका आसनाच्या प्रश्नातून ट्रान्झॅक्शन, कन्स्ट्रेंट, इंडेक्स, चुका हाताळणं एवढं सगळं आलं. डीबीएमएसच्या पेपरला एसिडची चार लक्षणं लिहून आलेल्या मुलीला ती लक्षणं कशासाठी आहेत हे इथे कळतं. असे प्रश्न स्वतःच्या कामाला आठवडाभर विचारत बसलेली मुलगी मुलाखतीत अडखळली तरी रिकामी पडत नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं असतं.

डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा, म्हणजे डीएसएचा, सरावही याच रीतीने करावा. प्रश्न थोडे घ्या, पण प्रत्येक प्रश्न सोडवल्यावर त्याची एक अट स्वतः बदला आणि पुन्हा सोडवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता. जॉर्ज पोल्या यांनी ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ या 1945 च्या पुस्तकात गणित सोडवण्याची पहिली पायरी ‘प्रश्न समजून घेणे’ अशी सांगितली आहे, आणि मुलाखतीत मुलं नेमकी तीच गाळतात. प्रश्न ऐकताच कोड सुरू. यादी क्रमाने आहे का, संख्या दोनदा येऊ शकतात का, यादी किती मोठी आहे, रिकामी असू शकते का, हे विचारणं म्हणजे अज्ञान नव्हे. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या दिवसापासून हेच करायचं असतं. मग सरळसोट उपाय सांगा, त्याला किती वेळ लागेल ते सांगा, आणि त्यानंतर सुधारणेकडे वळा. हे सगळं मोठ्याने. गप्प बसून बरोबर उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा बोलत बोलत अर्ध्यावर पोचलेल्याला मी तरी वरचा क्रम देतो, कारण त्याला पुढे नेता येतं.

इथे इंग्रजीचा मुद्दा येतो. ‘आपलं इंग्लिश कच्चं आहे, आपलं काही होणार नाही’ हे वाक्य मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या मनात घर करून बसलेलं असतं. डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असतं, टीम अनेक राज्यांची असते, म्हणून इंग्रजी लागतंच. ते नाकारणं ही मुलांची फसवणूक होईल. पण मुलाखतीत अडतं ते बहुतेक वेळा भाषेपाशी नसतं, विचारापाशी असतं. ज्याला आपला कोड मित्राला मराठीत समजावता येत नाही त्याला तो इंग्रजीत कसा येईल? म्हणून आधी मराठीत बोला. टेबल, लूप, की हे शब्द आहेत तसेच ठेवा, बाकी वाक्य आपल्या भाषेत. गाठ कुठे बसते ते लगेच कळतं. ती सुटली की मग तेच लहान, साध्या इंग्रजी वाक्यांत सांगायचा सराव करा. क्रियापदाची चूक झाली म्हणून चांगला मुलाखतकार कुणाला घालवत नाही. माहीत नसलेलं ठोकून दिलं तर मात्र घालवतो. ‘हे मला माहीत नाही, पण मी असा अंदाज बांधीन’ हे वाक्य कुठल्याही भाषेत प्रामाणिकच ऐकू येतं.

सर्टिफिकेटांबद्दल फार लिहीत नाही. व्हिडिओ बघून मिळालेल्या कागदावर मुलाखतीत फारसा प्रश्न येत नाही, आणि आलाच तर तो अडचणीचा असतो. रेझ्युमेवर लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर पाच मिनिटं बोलता येत नसेल तर तो शब्द आजच काढा. आणि इंटर्नशिप देतो म्हणून विद्यार्थ्याकडूनच पैसे मागणारा इंटर्नशिप देत नसतो, कागद विकत असतो. आईवडिलांचे कष्टाचे पैसे त्यात घालवू नका.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्याकडे वेळ कुठे आहे? सबमिशन, जर्नल, ओरल, बॅकलॉग. आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर विद्यार्थ्यांपेक्षा कॉलेजांनी द्यायला हवं. पाठांतराची ही सवय मुलं मुलाखतीच्या महिन्यात लावून घेत नाहीत. सहा सहा सत्रं आपण त्यांच्या ओरलमध्ये ‘व्याख्या सांग, प्रकार सांग, फरक सांग’ एवढंच विचारतो आणि धडाधड बोलणाऱ्याला पैकीच्या पैकी देतो. मग मुलाखतीलाही ती तशीच जाणार. माझी अध्यापक मित्रांना विनंती आहे: येत्या सत्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या प्रोजेक्टमधली एकच अट बदला, त्याला अर्धा तास द्या, आणि नंतर त्याने काय बदललं व का बदललं ते ऐकून मग गुण द्या. याला वेगळा निधी लागत नाही, अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, बाहेरचा क्लास लागत नाही. आणि विद्यार्थ्यांनो, कॉलेजने हे केलं नाही तर तुमच्यातल्या दोघांनी मिळून करा. एकाने अट बदलायची, दुसऱ्याने सोडवायची, दर रविवारी. सुरुवातीला डेटाबेसचाच प्रोजेक्ट घ्या.