मदत कोण देतो, हे कळायला हवे

उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर गेला की सरकारी रुग्णालयात नातेवाईक समाजसेवा अधीक्षकांकडे जातात. तिथे ट्रस्टांची यादी मिळते. मग खर्चाचे अंदाजपत्रक, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स घेऊन एकेका ट्रस्टचे उंबरे झिजवणे सुरू होते. कोणता ट्रस्ट कर्करोगाला मदत देतो, कोणता डायलिसिसला, साधारण किती देतो, हे अनुभवी अधीक्षकाला तोंडपाठ असते. त्याची बदली झाली की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

अमेरिकेत हे काम करखात्याच्या कागदांतून होते. तेथील खासगी धर्मादाय प्रतिष्ठानांना दरवर्षी ‘९९०-पीएफ’ हे विवरणपत्र भरावे लागते आणि कायद्यानेच ते सर्वांसाठी खुले असते. कोणाला, कशासाठी, किती रक्कम दिली, याची यादी त्यात असते. विश्वस्तांची नावे, अर्जाची पद्धत आणि मुदतही असते. ‘आम्ही स्वतः निवडलेल्या संस्थांनाच देतो’ अशी खूण असेल, तर अर्जदाराचा वेळ वाचतो. करखात्याच्या आणि ‘प्रोपब्लिका’च्या संकेतस्थळांवर ही विवरणपत्रे फुकट पाहता येतात. लहान संस्था आपल्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेचे नाव शोधतात आणि तिला पैसे कोणी दिले, तिथून सुरुवात करतात. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे शेजारी ठेवली की दात्याचा कल कळतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. माहिती वर्ष-दीड वर्ष जुनी असते, कामाचे वर्णन एखाद्या शब्दात उरकलेले असते. तरी त्यामागचे तत्त्व पक्के आहे: करसवलत म्हणजे जनतेने सोडलेला पैसा, म्हणून त्याचा हिशेब जनतेला दिसला पाहिजे.

भारतात कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा तपशील केंद्राच्या पोर्टलवर कंपनीनिहाय दिसतो. महाराष्ट्रातील ट्रस्टांचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तालयाकडे जातात. पण कोणत्या आजारासाठी कोण मदत देतो, हे त्यातून शोधण्याची सोपी सोय रुग्णाच्या हाती नाही.

माहिती खुली केली तर अर्जांचा पूर येईल, ही ट्रस्टांची भीती समजण्यासारखी आहे. मात्र आज चुकीच्या दारी जाणारे अर्ज माहितीअभावीच जातात. निकष दिसले तर ते आपोआप कमी होतील.

रुग्णांची नावे मात्र उघड होता कामा नयेत. आजार, मदत मिळालेल्यांची संख्या, एकूण रक्कम, लागणारी कागदपत्रे आणि अर्जाचा पत्ता एवढे पुरेसे आहे. धर्मादाय आयुक्तालयाने वैद्यकीय मदत देणाऱ्या ट्रस्टांकडून दरवर्षी असा एक पानी तक्ता मागवावा, तो मराठीत प्रसिद्ध करावा आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षाबाहेर लावावा. आजारी माणसाकडे पैसा नसतोच. निदान त्याचा वेळ तरी वाचेल.