‘गोळी चुकवली असशील!’

क्षयाचे उपचार घेणाऱ्या, पाळणा लांबवायची गोळीही नेमानं घेणाऱ्या बाईला दिवस गेले, की दवाखान्यापासून घरापर्यंत सगळे एकच विचारतात, ‘गोळी चुकवली असशील!’ नवरा तेच म्हणतो, सासू तेच म्हणते. हळूहळू तिलाही वाटायला लागतं की आपलंच चुकलं असणार.

मैत्रिणींनो, एकही गोळी न चुकवता हे घडू शकतं. आणि ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पन्नास वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं. लघवी केशरी करणारं तेच औषध. आपल्या यकृतात औषधं मोडून बाहेर टाकणारी एन्झाइम्स असतात. रिफाम्पिसिन त्यांचं काम फार वाढवतं. मग माला-एनसारख्या गोळीतली हार्मोन्स काम करण्याआधीच मोडली जातात आणि बीज सुटायचं थांबत नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९७१ सालीच हे नोंदवलं. उपचार नेहमीचे सहा महिन्यांचे असतात, आणि औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे महिनाभर राहतो. म्हणजे सात महिने ती बाई गोळीच्या भरवशावर, पण खरं तर उघड्यावर!

मिरगीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल या औषधांचंही तेच. उलटंही होतं. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईनं गर्भनिरोधक गोळी सुरू केली, तर त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं. झटके परत येतात, आणि दोष पुन्हा तिच्याच माथी. चहा-कॉफीतलं कॅफीनसुद्धा गोळी घेणाऱ्या बाईच्या शरीरात जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं.

मग हे आपल्याला कोणी सांगत का नाही? कारण औषधाचा डोस ठरवताना समोर धरलेला ‘माणूस’ हा पुरुष होता. अमेरिकेत १९७७ साली सरकारी औषध नियामकानं मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते धोरण १९९३ मध्ये बदललं. झोपेचं झोल्पिडेम हे औषध बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून बायकांसाठी त्याचा डोस निम्मा करायला २०१३ साल उजाडलं. तोवर वीस वर्षं बायका पुरुषाच्या मापाची गोळी गिळत होत्या.

पण बायकांवर चाचण्या होतच नव्हत्या असं थोडंच आहे? १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूत नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीसाठी गरीब बायका गोळा केल्या होत्या. आपल्यावर प्रयोग होतोय, हेही त्यांना धड सांगितलं नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर गट त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे लोकसंख्या आवरायची असली की बाईचं शरीर चालतं. तिच्या आजारावर औषधाचं माप ठरवायचं असलं की तेच शरीर ‘गुंतागुंतीचं’ होतं!

सोलापुरात भवानी पेठेसारख्या वस्त्यांमध्ये याचा अर्थ काय होतो? इथं विड्या वळणारी बाई हजारी मजुरीवर जगते. सूप मांडीवर, तंबाखूची धूळ छातीत. अनेकींची बोली तेलुगू, आणि चिठ्ठी इंग्रजीत. क्षयाचा कागद एका टेबलावर, कुटुंबनियोजनाचा दुसऱ्या. दोन्ही टेबलांवर गोळ्या मिळतात. त्या दोन गोळ्या एकाच शरीरात भेटतात, हे बघायचं काम कोणाचं?

कोणीही घाबरून क्षयाचं औषध सोडू नये. बदलायचं ते गर्भनिरोधक. तांबीवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. ‘अंतरा’ इंजेक्शनही टिकतं, पण त्यानं पाळीत होणारे बदल आधी सांगून, बाईनं हो म्हटलं तरच. आणि निरोध आहेच. सगळा भार बाईनंच का वाहायचा?

आपल्या मागण्या साध्या आहेत. क्षयाचा उपचार सुरू करताना प्रत्येक बाईला ‘पाळणा लांबवायला काय वापरता?’ हे खासगीत, लग्न झालंय की नाही हे न बघता विचारलं जावं. इशारा मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत लिहिलेला आणि तोंडी सांगितलेला असावा. औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष बायकांसाठी, आणि गोळी घेणाऱ्या बायकांसाठी, वेगळे जाहीर व्हावेत.

आणि तरीही दिवस गेलेच, तर गर्भनिरोधक निकामी ठरणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. १९७१ च्या कायद्यात ते फक्त विवाहितेपुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ती अट काढली. अशा बाईला उपदेश नको, सेवा हवी.

बचत गटात, विडी कारखान्याच्या दारात, आशाताईंच्या बैठकीत हे बोलू या. पुढच्या वेळी कोणी ‘चुकवली असशील’ म्हणालं, तर तिथंच विचारू या: आम्हाला सांगायचं कोणी चुकवलं?