डिंकाचे वकील

दर दोन वर्षांनी फोन बदलावा, असा उपदेश करणारा एक वर्ग आपल्याकडे तयार झाला आहे. त्यातल्या एका विद्वान गृहस्थांनी मध्यंतरी एका परिसंवादात हे मत इतके ठासून मांडले की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने आपला पाच वर्षांचा फोन गुपचूप खिशात सरकवला. गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे: जुना फोन दुरुस्त करत बसणे हा भाबडेपणा आहे. बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली असते ती ग्राहकाच्याच भल्यासाठी. त्यामुळे फोन पातळ राहतो, पाण्यात टिकतो आणि पेट घेत नाही. गल्लीतला कारागीर ती उचकटून काढतो आणि तिन्ही फायदे घालवतो. शिवाय जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. आणि सगळेच दुरुस्ती करू लागले तर कारखाने कसे चालायचे?

कारखान्यांची काळजी कारखानदार वाहतील. अपडेटचे म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ साठी तोच शब्द दिला. जे काल अशक्य होते ते स्पर्धा लागताच शक्य झाले, एवढेच यातून घ्यायचे. पातळपणाबद्दल तर बोलायलाच नको. अर्धा मिलिमीटर वाचवलेला तो देखणा फोन दुकानाच्या काउंटरवरून खाली उतरायच्या आत जाड रबरी कव्हरात जातो.

राहिले पाणी. या पाण्याशी माझी जुनी ओळख आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले आणि व्यासपीठावरून या कृत्याला ‘धाडस’ म्हटले. तेव्हाही आमचे हे गृहस्थ (किंवा त्यांच्यासारखेच कोणी, ही जात एकाच छापाची असते) सांगत होते, भोक ठेवले तर पाणी शिरणार. त्याच वर्षी मार्चमध्ये बाजारात आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस ७ पाण्यात टिकत होता, आणि त्याच्या बुडाशी हेडफोनचे भोक शाबूत होते. मी हे दाखवले तेव्हा उत्तर आले की वायरवाला हेडफोन आता कोण वापरतो! लोकलमध्ये उभे असताना कानातून निसटलेली वायरलेस बोंडी रुळांवर गेली की त्याचे उत्तर मिळते, पण ते भांडण आता जाऊ द्या.

मुद्दा असा की डिंक नसेल तर पाणी आत जाते हे साफ खोटे आहे. २०१४ चा गॅलेक्सी एस ५ आठवा. त्याचे मागचे झाकण नखाने उघडत असे आणि बॅटरी हातात येत असे. झाकणाच्या कडेने रबराची बारीक पट्टी होती. तरीही तो फोन आयपी ६७ होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. त्याच कंपनीचे एक्सकव्हर मालिकेतले दणकट फोन आजही निघणाऱ्या बॅटरीसह आणि पाण्याला न जुमानता विकले जातात. ते बांधकामावरच्या आणि गोदामातल्या लोकांसाठी. तिथे फोन बंद पडला तर काम अडते, म्हणून तिथे झाकण उघडते. आपल्यासाठी डिंक.

आणि ज्या पाण्यासाठी आपण बॅटरीवरचा हक्क सोडला, त्या पाण्याची हमी तरी कोणी घेते का? जाहिरातीत फोनवर धबधबा कोसळत असतो. वॉरंटीचा कागद मात्र पाण्याने झालेले नुकसान सहसा वगळतो. फोनच्या आत एक छोटी पांढरी चिकटपट्टी लावलेली असते, ओल लागली की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा टॉर्च मारून आधी तीच पाहतो. लाल दिसली की तुमचा खटला तिथेच निकाली. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात फोन वापरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणजे पाण्याची भीती दाखवून डिंक लावायचा, आणि पाणी शिरलेच तर जबाबदार तुम्ही. या व्यवहाराची वकिली फुकटात करणारे विद्वान मिळतात, हे कंपन्यांचे भाग्य म्हणायचे.

पेट घेण्याचा मुद्दा तर त्यांनी काढायलाच नको होता. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले की आपल्या बीएल-५सी या बॅटरीतल्या ४ कोटी ६० लाख नगांमध्ये दोष असू शकतो, चार्जिंगला लावल्यावर त्या तापू शकतात. आपल्याकडे तर नोकिया ११०० पासून कितीतरी फोनमध्ये ही बॅटरी असायची. लोकांनी काय केले? झाकण सरकवले, बॅटरी काढली, तिच्यावरचा क्रमांक पाहिला, परत बसवली. दोष निघाला तर फक्त बॅटरी बदलून मिळणार होती. फोन घरात, नंबर फोनमध्ये, साप साप खेळणे चालू. याउलट २०१६ चा गॅलेक्सी नोट ७. बॅटरी कंपनीनेच बसवलेली, कंपनीनेच चिकटवलेली, गल्लीतल्या कोणाचा हात न लागलेली. तरी फोन पेटू लागले. सप्टेंबरमध्ये २५ लाख परत मागवले, बदली दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावे लागले. दोष बॅटरीचा होता हे पुढच्या जानेवारीत कंपनीनेच सांगितले. बॅटरी निघत नव्हती म्हणून अख्खा फोन परत करावा लागला, आणि विमानात तो नेऊ नका अशा घोषणा ऐकाव्या लागल्या. निघणारी बॅटरी धोक्याची आणि न निघणारी सुरक्षित, हा सिद्धान्त यातून कसा निघतो ते गृहस्थांनी एकदा फळ्यावर लिहून दाखवावे.

गल्लीतला कारागीर नकली बॅटरी टाकतो, ही तक्रार मात्र खरी आहे. फुगलेली बॅटरी आणि तिने वर उचललेला डिस्प्ले मी पाहिला आहे. पण तो नकली का टाकतो? अस्सल त्याला कोणी विकत नाही म्हणून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हॉट एअर गन घेऊन बसलेला मुलगा केसाएवढा तुटलेला ट्रॅक सूक्ष्मदर्शकाखाली जोडतो. त्याला बॅटरी बसवता येत नाही, असे कोणाला वाटते? सुटे भाग दडवून ठेवायचे आणि मग तो जुगाड करतो म्हणून त्याला नावे ठेवायची, हे बरे आहे.

दुरुस्ती म्हणजे भाबडेपणा, याला एकच उत्तर पुरे. लिथियम-आयन बॅटरी झिजते हा तिचा धर्मच आहे. पाचशे ते हजार वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. फोनचे बाकीचे अवयव तेव्हा ठणठणीत असतात. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो. अचानक बंद पडू नये म्हणून, असे कारण दिले. लोक मात्र फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेत होते. बोभाटा झाल्यावर अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून मिळू लागली, आणि तेच ‘म्हातारे’ फोन पुन्हा पळू लागले. ग्राहकांना नीट सांगितले नाही म्हणून २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला. भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला म्हणून घड्याळ भंगारात देणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

मग मला हवे तरी काय? फार नाही. बॅटरी स्क्रूवर किंवा ओढून निघणाऱ्या पट्टीवर बसवावी. अस्सल भाग कोणत्याही कारागिराला रोख पैशांत मिळावेत. बॅटरी बदलण्याचा खर्च आणि अपडेटची वर्षे खोक्यावर छापावीत. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढले. पोर्टलने स्क्रू सैल होत नाहीत, कायदा लागतो. युरोपीय संघाने तो केला आहे: १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. फोनना मात्र संघाच्याच दुसऱ्या एका नियमाने पळवाट दिली आहे. बॅटरी हजार वेळा भरूनही ऐंशी टक्के ताकद राखत असेल आणि फोन पाण्यात टिकत असेल तर ती चिकटवली तरी चालेल. मला ती पळवाटही चालेल. निदान हजाराचा आकडा कंपनीला सिद्ध करून दाखवावा लागेल. प्रश्न एवढाच, की युरोपसाठी बनलेला तो फोन इथे विकायला आणताना त्यातली टिकाऊ बॅटरी काढून पुन्हा साधी चिकटवतील का? आमच्या गृहस्थांना विचारले तर म्हणतील, इथली हवा दमट आहे, डिंक चांगला धरतो.