ग्रंथनिष्ठा की वर्णनिष्ठा?

रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही कादंबरीमाला १४ खंडांची. पहिला खंड १९९० चा, शेवटचा २०१३ चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर तिची मालिका आली. पण बोंब त्याआधीच, कलाकारांची नावं जाहीर होताच सुरू झाली होती. एका आडबाजूच्या खेड्यातली माणसं काळी-सावळी का? एग्वीनच्या भूमिकेत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी घराण्यातली मॅडेलिन मॅडन, पेरिनच्या भूमिकेत कृष्णवर्णीय मार्कस रदरफर्ड. म्हणे, पुस्तकाशी बेइमानी झाली!

आम्ही विचारतो, पुस्तक नीट वाचलंत का? त्यात नायक रँड गावात वेगळा दिसतो तो उंची, तांबूस केस आणि करड्या डोळ्यांमुळे. बाकीचं गाव काळ्या केसांचं, काळ्या डोळ्यांचं आहे. या लोकांना राक्षस चालतात, जादू चालते, मेलेला वीर पुन्हा जन्मतो तेही चालतं. सावळी कातडी तेवढी 'अवास्तव' वाटते!

बदलांवर टीका जरूर करा. आठ भागांच्या हंगामात जाडजूड खंड बसवायचे तर प्रसंग कापावे लागतात. त्यावर वाद होऊ शकतो. पण कातडीवरून उठलेला आरडाओरडा हा पुस्तकाचा कळवळा नाही. पुरावा हवा? उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक गेड लेखिकेने स्पष्टपणे तांबूस-सावळा लिहिला आहे. २००४ मध्ये साय-फाय चॅनेलने त्याला गोरा करून टाकला. ले ग्विन यांना स्वतः जाहीर लेख लिहून निषेध करावा लागला. गोऱ्याचा काळा झाला की ग्रंथ बुडतो आणि काळ्याचा गोरा झाला की तो 'निर्मात्याचा निर्णय' असतो!

हे तर्कशास्त्र आपल्याला नवं नाही. ग्रंथाचा आधार हवा तिथे घ्यायचा, नको तिथे गुंडाळून ठेवायचा आणि राखायची मात्र शुद्धता. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये शास्त्रांच्या पावित्र्यावरच घाव घातला, तो उगाच नाही.

या गदारोळात कथेचा गाभा मात्र झाकला गेला. सीनचन साम्राज्यात जादूची शक्ती उपजत असलेल्या बायकांच्या गळ्यात पट्टा अडकवतात. त्यांना म्हणतात दमाने. साखळीचं दुसरं टोक सुलदामच्या मनगटात. दुसऱ्या हंगामात (२०२३) एग्वीन पकडली जाते. तिचं नाव हिरावून घेऊन तिला पाळीव जनावरासारखं 'टुली' म्हणतात. शूद्राचं नाव तिरस्कारयुक्त असावं असं सांगणारी मनुस्मृती ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळताना पाहिली, त्यांच्या वारसांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे गुपित फुटतं. साखळी धरणाऱ्या सुलदाममध्येही तीच शक्ती शिकण्याची क्षमता असते, म्हणून तोच पट्टा तिच्याही गळ्यात बसतो. म्हणजे उच्च आणि नीच यांच्यात जन्माचा म्हणून सांगितलेला फरकच खोटा. साम्राज्य उभं आहे ते या खोट्यावर. साथींनो, जात आणखी कशावर उभी आहे?

म्हणून पडद्यावर सावळे चेहरे आले की टाळ्या वाजवून थांबू नका. पट्टा कुणाच्या गळ्यात आहे, साखळी कुणाच्या हातात आहे आणि कथा ती तोडते की नाही, हे विचारा. आणखी एक प्रश्न विचारा: मंच कुणाचा? मे २०२५ मध्ये तीन हंगामांनंतर कंपनीने ही मालिका बंद केली. एवढी मोठी कथा अर्ध्यावर राहिली. चाहत्यांनी विनवण्या केल्या, पण निर्णय कंपनीचाच. दुसऱ्याच्या मंचावर मिळालेली जागा मालकाच्या मर्जीने जाते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो याच जाणिवेतून. दुसऱ्यांच्या पत्रांत आपला आवाज मागत बसण्यापेक्षा त्यांनी आपलं पत्र उभं केलं. आपल्या पोरांनी आता कल्पनारम्य कादंबऱ्या लिहाव्यात, पटकथा शिकाव्यात, कॅमेरा हातात घ्यावा. जन्मावरून कुणी राजा नाही आणि जन्मावरून कुणी राक्षस नाही, असं जग कल्पनेत तरी आधी उभं करावं लागतं. ते आपणच उभं करायचं आहे.

जय भीम!