वीस की एकवीस?

कॉम्प्युटर सुरू होता होताच बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद! १९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटरांचं असंच झालं. विमानं खोळंबली, इस्पितळांतली कामं अडली. कारण? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामची नवी फाईल. प्रोग्रामकडे माहितीचे कप्पे होते २०. फाईल म्हणाली, एकविसावा पाहा! हा प्रोग्राम सुरुवातीलाच कर्नलमध्ये, म्हणजे सगळा कारभार सांभाळणाऱ्या गाभ्यात शिरतो. तिथं गडबड झाली, की सगळंच ठप्प. मग काय, 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरते प्रोग्राम घेऊन कॉम्प्युटर सुरू करायचा आणि ती फाईल पुसायची; तेही अनेक ठिकाणी एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन! उत्तर लिहिल्यावर पुन्हा मोजून पाहावं, ते यासाठीच हं!