आयव्हीएफमध्ये ‘५० टक्के यश’ म्हणजे नेमकं काय?

इन्स्टाग्रामवर आयव्हीएफच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. मोठ्या अक्षरात यशाचा टक्का आणि खाली फोन नंबर. पण हा टक्का कशाचा, हे बहुतेकदा लिहिलेलं नसतं. प्रश्न फक्त जाहिरातींचा नाही. वंध्यत्वावरच्या संशोधनातही हाच घोळ वर्षानुवर्षं होत आला आहे.

आकडा कसा फुगतो?

समजा, १०० स्त्रियांनी उपचार सुरू केले. स्त्रीबीजं मिळाली नाहीत किंवा भ्रूण तयार झाला नाही, म्हणून ३० जणी मध्येच थांबल्या. उरलेल्या ७० जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडला. त्यातल्या ३५ जणींची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली. काहींचा पुढे गर्भपात झाला आणि शेवटी २५ जणींच्या घरी बाळ आलं.

७० पैकी ३५ म्हणजे ५० टक्के. १०० पैकी २५ म्हणजे २५ टक्के. हिशेब दोन्ही बरोबर, पण बाळाची वाट पाहणाऱ्या जोडप्याच्या कामाचा आकडा दुसराच.

एका ओरखड्याची गोष्ट

२००३ मध्ये इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयव्हीएफआधी गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढलेल्या ४५ स्त्रियांमध्ये बाळ होण्याचं प्रमाण सुमारे ४९ टक्के होतं. तसं न केलेल्या ८९ जणींमध्ये २२.५ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! त्यानंतर अस्तरावर ओरखडा काढण्याची ही पद्धत, म्हणजे ‘एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग’, अनेक देशांतल्या क्लिनिकमध्ये पोहोचली.

२०१९ मध्ये पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोणाला ओरखडा द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. ओरखडा दिलेल्या गटात बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के, न दिलेल्या गटातही २६.१ टक्के. फायदा शून्य. मधल्या काळात अनेकींनी त्यासाठी वेदना सोसल्या, खर्चही केला.

नियम काय सांगतात?

२०१४ मध्ये तज्ज्ञांनी ‘हार्बिन’ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. वंध्यत्वावरच्या चाचण्यांमध्ये जिवंत बाळाचा जन्म हाच मुख्य निकाल धरावा आणि आई व बाळाला झालेला त्रासही नोंदवावा, असा त्यांचा आग्रह आहे. भारतात २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार क्लिनिकने यशाची शक्यता, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगणं बंधनकारक आहे.

मग विचारायचं काय?

- हा टक्का पॉझिटिव्ह टेस्टचा की बाळाच्या जन्माचा?
- किती जणींपैकी? उपचार सुरू केलेल्या की भ्रूण सोडलेल्या?
- माझ्या वयोगटात हा आकडा किती?
- ही जादा प्रक्रिया मोठ्या चाचणीत तपासली आहे का?

हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, तो तुमचा हक्क आहे. आणि घरातल्या ग्रुपवर ‘नवीन उपचाराने यश दुप्पट’ अशी बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: किती जणींपैकी?