आठ बैलांचा नांगर

गेल्या मे महिन्यात लखनौला ताईकडे गेलो होतो. ती राहते जानकीपुरममध्ये. शहराच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्याच्या बाजूची ही वसाहत. जवळच प्राविधिक विद्यापीठ आणि केंद्रीय औषध संशोधन संस्था. त्यामुळे घरटी एक तरी संगणकवेडा पोरगा सापडायचाच. ताईकडचा वेडा म्हणजे माझा भाचा.

जानेवारीत त्याने स्वतः सुटे भाग आणून संगणक जुळवला. आठ कोअरचा प्रोसेसर. कोअर म्हणजे एकाच चिपवर शेजारी बसलेले, स्वतंत्रपणे हिशेब करणारे कारकून म्हणा ना! कंपनीने नेमून दिल्यापेक्षा जास्त वेगाने त्यांना पळवायचं, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. पठ्ठ्याने आठही कोअर ५ गिगाहर्ट्झवर नेऊन ठेवले. जानेवारीच्या थंडीत सगळं झकास चाललं.

याच संगणकावर ताईने आईच्या कॅसेटी उतरवून घेतल्या होत्या. आई जाऊन आता चार वर्षं झाली. जात्यावरच्या ओव्या, मध्येच "अगं, दूध बघ" असं कुणाला तरी सांगणं, सगळं त्यात आहे. मे महिन्यात भाच्याने त्या फाईली एकत्र बांधून ठेवल्या. मी गेलो त्या दिवशी उघडायला गेलो, तर अर्ध्या उघडेचनात. संगणक एकदाही बंद पडला नव्हता. निमूटपणे चुकीचा हिशेब करून मोकळा झाला होता! ताई काही बोलली नाही; उठून कूलरमध्ये पाणी भरू लागली. पोराचा चेहरा उतरला.

"मामा, जानेवारीत तर याच वेगावर सगळं बरोबर चाललं होतं," तो म्हणाला.

वाचकहो, खरी गोम इथेच आहे. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली १५ अंशांवर असेल आणि मेमध्ये ३८ वर, तर जवळजवळ तेवढेच २३ अंश प्रोसेसरलाही चढतात. तापलेली चिप त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागते. ते मिळालं नाही की चुकते, आणि दिलं तर आणखी तापते. तापण्याचं गणित व्होल्टेजच्या वर्गाने चालतं. १.२५ व्होल्टचे १.३५ केले, म्हणजे वाढ ८ टक्के. पण त्याच वेगाला उष्णता वाढते सुमारे १७ टक्के.

त्यातून आठही कोअर सारख्या ताकदीचे नसतात. एकाच चिपवर घडले तरी एखादा दणकट, एखादा लेचापेचा. पूर्वी काळ्या रानातली हरळी काढायला आठ बैलांचा नांगर धरत. त्यातला एक बैल अडला की आठही अडायचे. सगळ्या कोअरना एकच वेग दिला की तसंच होतं. बहुतेक घरगुती प्रोसेसरांत सर्व कोअरना व्होल्टेजही सामाईक असतं. म्हणजे एका अशक्त बैलासाठी आठही जणांना जादा पेंड!

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कोअरचा वेग वेगळा ठरवणं. कोअरचा वेग म्हणजे मूळ ठोका गुणिले गुणक. ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झचा, म्हणून गुणक ५० ठेवला की ५ गिगाहर्ट्झ. गुणक मोकळा असलेल्या प्रोसेसरात, मदरबोर्डची सोय असेल तर, बायोसमध्ये प्रत्येक कोअरचा गुणक निराळा लिहिता येतो. तिथेच 'किती कोअर कामात आहेत' यावर वेग ठरवणारा दुसरा पर्यायही असतो. तो निराळा, त्याने दुबळा कोअर वाचत नाही. भाच्याने नेमकी इथेच गल्लत केली होती.

आम्ही सगळं आधी कंपनीच्या मूळ वेगावर आणलं. मग दोन दिवस एकेक कोअर तपासला. 'प्राईम-९५' नावाचा कार्यक्रम अवाढव्य मूळ संख्या शोधतो. त्यात एक कसोटीही आहे: उत्तर आधीच ठाऊक असलेली गणितं तो तासन्‌तास करायला लावतो, आणि उत्तर जुळलं नाही की लगेच सांगतो. शेवटी आठही कोअर एकदम, तेही भर दुपारी, बाहेर लू वाहत असताना. तिसरा आणि सहावा कच्चे निघाले. त्यांचा गुणक ४७ केला, बाकीच्यांचा ४९. तेव्हा कुठे सामाईक व्होल्टेज खाली आणता आलं.

खरं सांगायचं तर घरच्या कामाला या खटाटोपाची गरज नाही. इंटेलच्या कोअर आय-७ प्रोसेसरांत २००८ पासून गरजेनुसार वेग आपोआप वाढवण्याची सोय आहे. २०१६ पासून त्यांचे काही प्रोसेसर आपला दणकट कोअर कोणता हेही ओळखून असतात. शिवाय ओव्हरक्लॉकिंग केलं तर हमी जाऊ शकते. हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकल्यासारखं केलं.

मूळ कॅसेटी ताईने लोखंडी पेटीत जपून ठेवल्या होत्या, हे नशीब. त्या पुन्हा उतरवून घेतल्या. या वेळी प्रत्येक फाईल भाच्याने शेवटपर्यंत ऐकली. त्यात तीन दुपारी गेल्या. मी निघालो तेव्हा त्याने संगणकाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता: आठ ओळी, दोन रकाने. एकावर 'जानेवारी' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'मे'. जानेवारीचा रकाना अजून कोरा होता.